भिंतीलगतचा वाफा : बहुवर्षायू शोभेच्या झाडांच्या प्रकल्प नोंदी

१६ एप्रिल २०२३

घराच्या पूर्वेकडील भिंतीलगत ११ मीटर लांब आणि १.८ मीटर रुंद असा एक वाफा आहे. आजवर त्यात दर हंगामाला नवी रोपे लावली जात आणि बहर ओसरला की ती उपटून टाकली जात. या वर्षापासून तेथे केवळ बहुवर्षायू शोभेची झाडे लावायची, म्हणजे जी एकदा मूळ धरली की कंदावर, गड्ड्यावर किंवा खोडावर अनेक वर्षे तग धरतात आणि ऋतू आला की पुन्हा फुटतात अशीच झाडे ठेवायची, असे ठरवले आहे. हंगामी रोपाची जागा चुकली तरी तीन-चार महिन्यांत ते रोप जाते आणि चूकही त्याच्याबरोबर जाते. बहुवर्षायू झाड मात्र चुकीच्या जागी मरतही नाही आणि फुलतही नाही, ते नुसते कुढत राहते. म्हणून कुदळ हातात घेण्यापूर्वी जागा समजून घ्यावी आणि जे दिसेल ते तारखेसह लिहून ठेवावे, यासाठी ही वही आजपासून सुरू करत आहे.

आज दिवसभर दर तासाला वाफ्याच्या आराखड्यावर ऊन आणि सावलीची सीमा आखली. भिंत वाफ्याच्या पश्चिमेला असल्यामुळे दुपारी एकनंतर सगळ्याच वाफ्यावर तिची सावली येते. उत्तरेकडच्या सहा मीटरांना सकाळी सातपासून एकपर्यंत, म्हणजे सहा तास थेट ऊन मिळते, आणि बागकामाच्या भाषेत त्याला भर ऊन म्हणता येते. मधल्या अडीच मीटरांना चार तासांच्या आसपास, तर दक्षिणेकडच्या अडीच मीटरांना आग्नेयेच्या जुन्या झाडामुळे जेमतेम दीड-दोन तास ऊन लाभते. तिन्ही पट्टे वेगवेगळ्या रंगांत रंगवून आराखडा वहीत चिकटवला आहे.

२३ एप्रिल २०२३

माती पाहिली. वाफ्यातून चार ठिकाणची माती घेऊन, खडे आणि मुळे काढून ती काचेच्या बरणीत पाण्यात ढवळली आणि बरणी हलवू नये अशा जागी ठेवली. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, पोयट्याचे बारीक कण खाली यायला काही तास लागतात, आणि चिकणमाती बसून पाणी निवळायला एखादा दिवस किंवा त्याहूनही अधिक वेळ जातो. दोन दिवसांनी मोजले तेव्हा १२ सेंमीच्या थरात वाळू ४, पोयटा ३.५ आणि चिकण ४.५ सेंमी होती. चिकणाचे प्रमाण सदतीस टक्क्यांच्या वर असल्याने ही माती चिकण-पोयट्याची ठरते. तिच्यात अन्नद्रव्ये आणि ओल टिकते, पण निचऱ्याकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते.

निचऱ्याची परीक्षा स्वतंत्रपणे घेतली. दोन्ही टोकांना ३० सेंमी खोल खड्डे घेऊन ते एकदा पाण्याने भरून पूर्ण जिरू दिले आणि दुसऱ्यांदा भरल्यावर पाण्याची पातळी तासाला किती उतरते ते पट्टीने मोजले. पहिल्या वेळी कोरडी माती पाणी पिऊन घेते, त्यामुळे तो आकडा फसवा असतो आणि दुसऱ्या वेळचाच धरावा लागतो. उत्तरेला पाणी तासाला सुमारे ६ सेंमी उतरले, जे बहुतेक झाडांना मानवते. दक्षिणेला ते १.५ सेंमीच उतरले, कारण ती बाजू सखल आहे आणि छपरावरच्या पन्हळीचे पाणीही तिकडेच येते. तासाला २.५ सेंमीपेक्षा कमी निचरा असलेल्या जागी मूळकुजीची भीती कायम राहते.

सामू, म्हणजे माती किती आम्ल किंवा अल्क आहे ते सांगणारा आकडा (pH), वाफ्याच्या मध्यभागी चाचणीच्या पट्टीने तपासला. तो ७ च्या जवळ आला.

७ मे २०२३

निवडीची यादी करण्यात तीन आठवडे गेले आणि ते वाया गेले असे मला वाटत नाही. आधी आवडीच्या झाडांची यादी करून मग त्यांच्यासाठी जागा शोधायची ही माझी जुनी सवय या वेळी बाजूला ठेवली. तीनही पट्ट्यांची वेगळी पाने करून प्रत्येक पानाच्या वर ऊन, ओल आणि निचरा लिहिला, आणि त्या ओळीत बसणारी झाडेच खाली लिहिली.

दक्षिणेच्या ओलसर सावलीसाठी सोनटक्का पहिल्याच क्षणी सुचला. त्याचा मांसल गड्डा जमिनीलगत आडवा पसरतो, त्याला सतत ओल आणि विरळ सावली आवडते, आणि संध्याकाळी उमलणारी त्याची पांढरी फुले अतिशय सुगंधी असतात. तो पसरतो, आणि जगाच्या काही उष्ण व दमट भागांत त्याने रानात शिरकाव करून स्थानिक वनस्पतींना हटवले आहे, म्हणून एका बाजूला भिंत आणि दुसऱ्या बाजूला विटांची कड असलेल्या या कोपऱ्यातच तो ठेवायचा. त्याच्या पुढे, जेथे ओल आहे पण ऊन थोडे अधिक आहे, तेथे कर्दळ. ती मूळची अमेरिका खंडातील आहे, ओल सोसते, खादाड आहे, आणि मोठी पाने ही तिची निम्मी शोभा आहे. त्या दोघांच्या मधल्या कोपऱ्यात नागदवण्याचे एकच रोप लावायचे, कारण त्याचा घेर पूर्ण वाढीनंतर सव्वा मीटरपर्यंत जातो.

मधल्या पट्ट्यात पेंटास, ज्यावर फुलपाखरांची वर्दळ असते. भिंतीला लागून, मागच्या रांगेत, पेंटगुल. उत्तरेच्या भर उन्हात डे-लिली, शेवंती आणि निळ्या फुलांचा प्लंबॅगो. पुढच्या कडेला सगळ्या लांबीभर पांढरी झेफिर लिली, जी कोरड्या दिवसांनंतर चांगला पाऊस पडला की काही दिवसांतच फुलून येते.

येथे नावांचा एक घोळ नोंदवून ठेवणे आवश्यक आहे, कारण रोपे मागवताना त्यानेच सर्वाधिक गोंधळ होतो. लिली म्हणून जी रोपे हाती येतात त्यांत डे-लिली असते, झेफिर लिली असते, मोठ्या कर्ण्यासारख्या फुलांचे हिपिअ‍ॅस्ट्रम असते आणि नागदवणाही असतो, आणि यांपैकी एकही झाड लिलियम या खऱ्या लिलीच्या वंशातील नाही. डे-लिलीला जाड मांसल मुळे असतात, झेफिर लिलीला कांदा असतो, आणि खऱ्या लिलीचा कांदा सुट्या खवल्यांचा असतो. लावण्याची खोली, पाण्याची गरज आणि विश्रांतीचा काळ या तिन्ही बाबतींत ही झाडे एकमेकांपासून भिन्न आहेत. कार्ल लिनियसने १७५३ मध्ये प्रत्येक वनस्पतीला वंश आणि जाती अशी दोन शब्दांची नावे देण्याची पद्धत रूढ केली तिचा उपयोग बागकाम करणाऱ्यालाही अशा वेळी होतो. ती नावेही बदलतात हे खरे आहे. आपल्या निशिगंधाला दीर्घकाळ पॉलिअँथेस ट्यूबरोसा म्हणत, आणि २०१७ पासून तो घायपाताच्या अगेव्ह वंशात गणला जाऊन अगेव्ह अमिका झाला आहे. तरीही मागणी नोंदवताना शास्त्रीय नाव आणि त्यापुढे वाणाचे नाव लिहिले, तर हाती येणारे रोप तेच असण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

काही झाडे विचारपूर्वक गाळली. कण्हेर या मातीत आणि उन्हात उत्तम वाढली असती, पण तिचे सर्वच भाग विषारी असतात, आणि कळलावीच्या कंदात कोल्चिसिन हे घातक द्रव्य असते. या वाफ्याजवळ लहान मुले खेळतात, त्यामुळे दोन्ही नकोत. नागदवणाही पोटात गेल्यास अपाय करतो, म्हणून तो मुलांचा हात पोहोचणार नाही अशा मागच्या कोपऱ्यातच ठेवला आहे. घाणेरी कितीही रंगीत असली तरी तिची फळे खाऊन पक्षी बी दूरवर नेतात, आणि जगातील सर्वांत उपद्रवी घुसखोर वनस्पतींमध्ये तिची गणना होते. तिला या वाफ्यात स्थान नाही.

लॅव्हेंडर मात्र यादीत राहिली. ती भूमध्य समुद्राच्या परिसरातील कोरड्या, चुनखडीच्या, भरपूर निचऱ्याच्या उतारांवर वाढणारी वनस्पती आहे आणि तिला उष्ण, दमट हवा सोसत नाही हे मला ठाऊक आहे. उत्तर टोकाच्या उंचवट्यावर दोन रोपे लावून पाहण्याचा मोह मला आवरला नाही, एवढेच कारण येथे लिहितो.

१४ मे २०२३

आराखडा कागदावर मोजमापाने काढला. वीस चौरस मीटरांच्या वाफ्यात प्रत्येक प्रकारचे एकेक रोप पेरल्यासारखे लावले तर डोळा कोठेच ठरत नाही, म्हणून एकाच प्रकारची तीन, पाच किंवा सात रोपे एकत्र घेऊन त्यांचे लांबट, एकमेकांत शिरणारे पट्टे आखले. ही पद्धत इंग्लंडमधील उद्यानरचनाकार गर्ट्रूड जेकिल यांनी लोकप्रिय केली. त्या मूळच्या चित्रकार होत्या आणि रंगांची मांडणी त्यांनी चित्राप्रमाणेच केली. लांबट पट्ट्याचा एक व्यावहारिक फायदाही आहे. गोल पुंजक्यातील झाडांचा बहर ओसरला की तेथे भगदाड दिसते, पण अरुंद तिरका पट्टा ओसरला तर पुढचा-मागचा पट्टा ती जागा झाकून घेतो.

दोन रोपांतील अंतर ठरवताना आजचा घेर न पाहता पूर्ण वाढीनंतरचा घेर धरला. ४५ सेंमी अंतराने चौकोनी मांडणीत चौरस मीटरला सुमारे पाच रोपे बसतात, तर तिरप्या, त्रिकोणी मांडणीत जवळजवळ सहा. डे-लिलीसाठी हेच अंतर घेतले. पेंटगुलाच्या तीन रोपांत ९० सेंमी ठेवले. पहिल्या वर्षी वाफा विरळ आणि उघडा दिसेल हे मान्य केले आहे.

४ जून २०२३

दोन वळीव पडून गेले होते, परंतु माती अजून हाताला चिकटत होती म्हणून चार दिवस थांबलो. आज वाफसा आला. मूठभर माती दाबून गोळा केला आणि बोटाने टोकरताच तो मोकळा झाला. चिकणाच्या जमिनीत ओल जास्त असताना खणले तर ढेकळे पडतात, ती पुढे विटेसारखी वाळतात आणि मातीतील हवेच्या पोकळ्या वर्षभर बुजलेल्या राहतात.

संपूर्ण वाफ्यावर ५ सेंमी जाडीचे चांगले कुजलेले शेणखत पसरले, म्हणजे जवळजवळ एक घनमीटर, आणि ते वरच्या २० ते २५ सेंमी मातीत मिसळले. केवळ खड्ड्यापुरती माती सुधारण्याचे मुद्दाम टाळले, कारण भोवतालची माती घट्ट आणि खड्ड्यातली भुसभुशीत असली की पावसाचे पाणी खड्ड्यात साठते आणि मुळेही बाहेर न जाता आतच घुटमळतात. निचरा वाढावा म्हणून चिकणमातीत वाळू घालण्याचा सल्ला दोघांनी दिला होता. थोडीशी वाळू चिकणाच्या कणांत रुतून बसते आणि माती उलट अधिक टणक होते. फरक पडण्याइतकी वाळू घालायची तर निम्मी मातीच बदलावी लागेल. सेंद्रिय पदार्थ मात्र कणांची रवाळ बांधणी करतात आणि तेच काम सावकाश पण टिकाऊ रीतीने होते.

१८ जून २०२३

लावणी झाली. बागेत मदतीला येणारे काका आणि मी, दोघांनी सकाळपासून काम केले आणि आभाळ असल्यामुळे रोपांना कोमेजण्याची वेळ आली नाही.

पिशवीतून काढल्यावर पेंटगुलाची मुळे मातीच्या गड्ड्याभोवती गोल गुंडाळलेली दिसली. ती तशीच लावली तर झाड पुढेही त्याच गोलात फिरत राहते, म्हणून बोटांनी सोडवली आणि जेथे सुटली नाहीत तेथे गड्ड्याला तीन बाजूंनी धारदार सुरीने उभे छेद दिले. खड्डे गड्ड्याच्या दुप्पट रुंद घेतले पण त्याच्या उंचीपेक्षा खोल घेतले नाहीत. खाली भुसभुशीत माती राहिली की झाड बसत जाते आणि बुंधा मातीखाली जातो. डे-लिलीची मुळे मातीच्या छोट्या उंचवट्यावर चहूबाजूंनी पसरून बुडखा जमिनीखाली जेमतेम दोन-अडीच सेंमी ठेवला. त्याहून खोल गेल्यास ती पाने देते आणि फुले मात्र रोडावतात. कर्दळीचे गड्डे एक-दोन डोळे ठेवून, डोळे वर करून, सुमारे १० सेंमी खोल ठेवले. सोनटक्क्याचे मात्र मातीने नुसते झाकले.

शेवटी वाळलेल्या पालापाचोळ्याचे ६ सेंमी जाड आच्छादन दिले आणि प्रत्येक बुंध्याभोवती हातभर घेराची जागा मोकळी सोडली. काका म्हणाले, “बुंध्याला पाचोळा टेकवू नका, पावसात तिथूनच कूज सुरू होते.” पूर्वी एका वाफ्यात मी तेच केले होते, आणि त्यांनी ते लक्षात ठेवले होते.

१६ जुलै २०२३

लॅव्हेंडरची दोन्ही रोपे गेली. बुंध्याशी साल काळी पडून सोलली जात होती आणि मुळांना कुजल्याचा वास येत होता. तेथील निचरा चांगला होता, पण तीन आठवडे पाने ओली आणि हवा दमट राहिली. तेथे डे-लिलीचे आणखी एक रोप लावले.

२० ऑगस्ट २०२३

कर्दळीची सात रोपे छातीपर्यंत आली आहेत. त्यांपैकी एकाच्या पानांवर शिरांना समांतर फिकट पिवळे पट्टे गेले दोन आठवडे दिसत होते आणि प्रथमदर्शनी ते चट्टेरी पानांच्या वाणासारखे देखणे वाटत होते. परंतु शोभेच्या वाणात पट्टे सर्व पानांवर स्वच्छ आणि सारखे असतात. या रोपावर ते तुटक होते, पुढे करपून तपकिरी होत होते आणि रोपाची उंची इतरांच्या निम्मीच राहिली होती. ही विषाणूजन्य रोगाची लक्षणे आहेत. या रोगावर कोणतीही फवारणी चालत नाही आणि गड्डे फोडून वाढवले की तो प्रत्येक तुकड्याबरोबर पुढे जातो. संपूर्ण रोप गड्ड्यासह उपटून नष्ट केले, आणि सिकेटर व खुरपे स्पिरिटने पुसून घेतले. नवे गड्डे घेताना ज्या झाडाचे ते आहेत त्याची पाने पाहिल्याशिवाय यापुढे घ्यायचे नाहीत.

तांबेऱ्याचे नारिंगी ठिपके असलेली खालची पाने काढली. पेंटासवरील मावा पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुऊन काढला आणि मावा खाणाऱ्या ढालकिड्यांच्या अळ्या दिसल्यामुळे औषध मारण्याचा विचार सोडला.

शेवंतीच्या आठ रोपांचे शेंडे आज तिसऱ्यांदा आणि शेवटचे खुडले. शेंडा खुडला की त्याखालच्या पानांच्या बेचक्यांतून फुटवे येतात आणि झाड बुटके, डेरेदार होते. यापुढे खुडत राहिल्यास कळी धरणारे शेंडेच जातील.

२४ सप्टेंबर २०२३

पेंटगुलाने चिंतेत टाकले आहे. तिन्ही रोपांची नवी पाने पिवळी येत आहेत, परंतु पानांतील शिरा हिरव्या आहेत आणि जुनी पाने पूर्णपणे निरोगी आहेत. मागच्या महिन्यात मी याला खताची कमतरता समजून गांडूळखत घातले आणि काहीही फरक पडला नाही.

कोणती पाने पिवळी पडतात हे नीट पाहिले असते तर तो महिना वाचला असता. नत्र किंवा मॅग्नेशियम कमी पडले तर झाड ते जुन्या पानांतून काढून नव्या पानांना पुरवते, त्यामुळे पिवळेपणा खालून सुरू होतो. लोह मात्र एकदा पानात बसले की तेथून सहसा हलत नाही, म्हणून त्याची उणीव सर्वांत कोवळ्या पानांवर दिसते. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तोही शेंड्याकडे, हे लोहाच्या उणिवेचे ठळक लक्षण आहे.

बहुतेक मातीत लोह भरपूर असते, पण सामू वाढला की ते न विरघळणाऱ्या रूपात अडकून पडते आणि मुळांना घेता येत नाही. पेंटगुलाला आम्लधर्मी माती हवी असते. मी एप्रिलमध्ये सामू तपासला होता, पण तो वाफ्याच्या मध्यभागी. आज भिंतीपासून २० सेंमीवर खणले तेव्हा पाचोळ्याच्या आणि खताच्या थराखाली, भिंत बांधताना पडलेले सिमेंटचे आणि गिलाव्याचे तुकडे निघाले, आणि तेथील सामू ८.२ भरला. पावसाचे पाणी भिंतीवरून ओघळताना चुना घेऊन उतरते आणि दरवर्षी त्यात भर घालते. सहाफुटी वाफ्याच्या आतच दोन प्रकारची माती आहे, आणि मी सर्वाधिक आम्लप्रिय झाड नेमके चुन्याच्या पट्ट्यात लावले.

गंधकाची भुकटी मातीत घातली तर जिवाणू तिचे हळूहळू आम्लात रूपांतर करतात, पण चुन्याचा पुरवठा चालू असताना तो उपाय पुरणारा नाही. तात्पुरते म्हणून चढ्या सामूतही टिकणाऱ्या प्रकारचे चिलेटेड लोह आळ्यात दिले. झाडे येथून हलवावी लागणार, हे मात्र पक्के.

२९ ऑक्टोबर २०२३

शेवंतीच्या आठपैकी पाच रोपांना वाटाण्याएवढ्या कळ्या आहेत. उत्तर टोकाकडची तीन रोपे मात्र हिरवीगार, जोमदार आणि कळीविना उभी आहेत. ऊन तेच, माती तीच, सर्व रोपे एकाच झाडाच्या फुटव्यांपासून केलेली, खुडणीही एकाच दिवशी झालेली. गेले दहा दिवस मी पाण्यात आणि खतात कारण शोधत होतो.

काल रात्री उशिरा घरी परतताना ते कारण समोर दिसले. वाफ्याच्या उत्तर टोकापासून दीड मीटरवर पायवाटेचा दिवा आहे, तो रात्रभर जळतो, आणि त्याचा उजेड नेमका त्या तीन रोपांवर पडतो. मी वाफ्याच्या प्रकाशाचा आराखडा सहा ते सहा असा केला होता आणि रात्रीचा उजेड मोजण्याचा विचारही मनात आला नव्हता.

शेवंती ही लहान दिवसांची, म्हणजे दिवस लहान होऊ लागल्यावर फुलणारी वनस्पती आहे. दिवसाच्या लांबीवर फुलोरा अवलंबून असतो ही गोष्ट वाइटमन गार्नर आणि हॅरी अ‍ॅलार्ड यांनी तंबाखू आणि सोयाबीनवरील प्रयोगांतून १९२० मध्ये मांडली. पुढे १९३८ मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी झँथियम या तणावर दाखवून दिले की खरे महत्त्व अखंड रात्रीला आहे. दिवसाच्या मध्ये थोडा अंधार केला तर काही बिघडत नाही, पण लांब रात्रीच्या मध्ये थोडा वेळ उजेड पडला तरी फुलोरा थांबतो. पानांतील फायटोक्रोम हे रंगद्रव्य तो उजेड टिपते आणि झाडाच्या लेखी रात्र लांबतच नाही. कुंपणाजवळच्या किंवा खिडकीखालच्या शेवंतीला बहर येत नाही तेव्हा लोक खत वाढवतात, आणि नत्र मिळाल्याने ती आणखीच पाने काढते. तसे करणाऱ्यांपैकी मीही एक होतो.

आज दिव्याच्या वाफ्याकडील बाजूला पत्र्याची झडप बसवली. उजेड आता पायवाटेवरच पडतो. रात्री नऊ वाजता पुन्हा जाऊन पाहिले, रोपे काळोखात होती.

२६ नोव्हेंबर २०२३

चार आठवडे झाले. तिन्ही रोपांच्या शेंड्यांवर कळ्यांचे बारीक मणी दिसत आहेत. आधीच्या पाच रोपांची फुले पूर्ण उमललेली आहेत.

२२ डिसेंबर २०२३

वर्षातील सर्वांत लहान दिवस. मुद्दाम हाच दिवस निवडून उन्हाचा आराखडा पुन्हा केला. सूर्य दक्षिणेकडे कलल्यामुळे आग्नेयेच्या झाडाची सावली एप्रिलपेक्षा कितीतरी लांब पडते आणि मधला पट्टा बहुतांशी झाकून टाकते. एप्रिलमध्ये तेथे चार तास ऊन होते, आज जेमतेम दोन तास भरले. पेंटासची रोपे गेल्या महिन्यापासून लांबट होऊन उत्तरेकडे का झुकत आहेत, ते आता कळले. कर्दळ या दिवसांत तशीही विसावलेली असते, त्यामुळे तिला या सावलीचे काही वाटत नाही.

नवा आराखडा पातळ कागदावर काढून जुन्यावर ठेवला. एप्रिल आणि डिसेंबर या दोन्ही वेळी भर उन्हात असलेली जागा प्रत्यक्षात उत्तरेकडची चार मीटरच आहे.

७ जानेवारी २०२४

मागे राहिलेल्या तिन्ही शेवंती फुलल्या. झडप बसवल्यापासून बरोबर दहा आठवडे.

११ फेब्रुवारी २०२४

आवराआवरीचा दिवस. ओसरलेल्या शेवंतीचे दांडे जमिनीपासून १५ सेंमीवर कापले, त्यांच्या बुडाशी येणारे फुटवे पुढच्या रोपांसाठी ठेवले. प्लंबॅगो एक तृतीयांश उंचीवर छाटला. त्याला फुले नव्या वाढीवर येतात, त्यामुळे या छाटणीने बहर कमी होत नाही. कर्दळीचे फुलून गेलेले दांडे मुळापाशी कापले, कारण एक दांडा एकदाच फुलतो आणि तो उभा राहिला तर नव्या कोंबांना जागा आणि ऊन मिळत नाही.

पेंटगुलाची तिन्ही झाडे निम्मी छाटून, मुळांभोवतीच्या मातीसह खणून मोठ्या कुंड्यांत हलवली. कुंडीच्या तळाशी खडीचा थर दिला नाही. खडीमुळे निचरा सुधारतो असा सार्वत्रिक समज आहे, परंतु बारीक मातीतले पाणी ती माती पूर्ण भिजल्याखेरीज खालच्या जाड खडीत उतरत नाही, त्यामुळे ओलीचा थर खडीच्या वर, म्हणजे मुळांच्या अधिक जवळ साचतो. तळाच्या छिद्रावर जाळीचा तुकडा पुरतो. भिंतीलगतच्या मोकळ्या जागेत रसेलिया लावली. तिला चुन्याची माती चालते, आणि तिच्या हिरव्या काड्यांसारख्या फांद्या लाल नळीदार फुलांसह भिंतीसमोर झुकतात. पेंटास दीड मीटर उत्तरेकडे सरकवला.

२१ एप्रिल २०२४

उन्हाळ्याच्या पाण्याचा हिशेब. एका चौरस मीटरवर १ सेंमी पाणी म्हणजे १० लिटर, त्यामुळे आठवड्याला २.५ सेंमी द्यायचे तर या वाफ्याला सुमारे ५०० लिटर लागतात. ते रोज थोडे शिंपण्याऐवजी आठवड्यातून दोनदा ठिबकने सावकाश देतो, म्हणजे ओल २०-२५ सेंमी खोल जाते आणि मुळे तिच्यामागे खाली उतरतात. पाणी सोडण्यापूर्वी बोट दोन पेरे मातीत घालून पाहतो. दक्षिण कोपऱ्यात बहुतेक वेळा ओल सापडते आणि तेथील तोटी बंद ठेवावी लागते.

कुंडीतल्या पेंटगुलाची नवी पाने हिरवी आली आहेत.

१८ ऑगस्ट २०२४

डे-लिलीचा पहिला खरा बहर जुलैअखेर ओसरला. गेल्या वर्षी एका रोपाला एक दांडा आला होता, या वर्षी तीन-चार आले. प्रत्येक फूल एका दिवसाचेच असते, ग्रीक भाषेतील तिच्या हेमेरोकॅलिस या नावाचा अर्थही ‘दिवसाचे सौंदर्य’ असाच आहे, पण एका दांड्यावर अनेक कळ्या क्रमाने उमलतात म्हणून बहर आठवडेच्या आठवडे टिकतो. रोज सकाळी कालची फुले खुडली. गड्डे फोडण्याची घाई करणार नाही, ते आणखी दोन वर्षांनी, फुले विरळ होऊ लागल्यावर.

शेवंतीचे शेंडे आज शेवटचे खुडले. रात्र मोठी होऊ लागली आहे म्हणून दहा वाजता दिव्याची झडप तपासायला गेलो. वाऱ्याने तिचा एक स्क्रू सैल होऊन कडेने उजेडाची बारीक पट्टी वाफ्यावर पडत होती. तो आवळला. दक्षिण कोपऱ्यात सोनटक्क्याची पहिली दोन फुले उमलली होती आणि वास उत्तर टोकापर्यंत येत होता. हातातला दिवा विझवून थोडा वेळ तेथेच उभा राहिलो. शेवंतीची आठही रोपे काळोखात होती.